ईआरपीनेक्स्टमध्ये ‘रो साइझ टू लार्ज’ दर अपडेटला परत येतोय? आधी फिक्श्चरची फाइल उघडा

ईआरपीनेक्स्टमध्ये (कारखान्याचे व्यवहार आणि हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) डिलिव्हरी नोटच्या, म्हणजे चलनाच्या, आयटम टेबलात एक नवं कस्टम फील्ड टाकायचं असतं. नाव लिहिलं, प्रकार ‘डेटा’ निवडला, ‘अपडेट’ दाबलं आणि एरर १११८ आली: ‘रो साइझ टू लार्ज. द मॅक्सिमम रो साइझ फॉर द यूज्ड टेबल टाइप, नॉट काउंटिंग ब्लॉब्ज, इज ६५५३५.’ मग आपण नको असलेली चार फील्डं काढतो. तरी तीच एरर. कुणी सांगतं, दोन-तीन फील्डं ‘स्मॉल टेक्स्ट’ करून टाका. ते केलं की काम चालतं. पुढच्या अपडेटला मात्र मायग्रेट (डेटाबेसची रचना नव्या कोडशी जुळवणारी पायरी) नेमकं त्याच टेबलावर येऊन थांबतं.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत माझ्या हातून हे असं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी वरवरचा इलाज करून आलो. तिसऱ्या वेळी सकाळी सातला फोन आला, तेव्हा गेटवर कास्टिंग भरलेली गाडी उभी होती आणि चलन निघत नव्हतं. डिस्पॅच बघणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “दादा, परत तेच आलंय बघा. काल रात्री तुम्ही अपडेट मारलं तेव्हापासनं.” त्या दिवशी ठरवलं की मूळ सापडल्याशिवाय तिथून उठायचं नाही. जे सापडलं ते सविस्तर लिहितोय, कारण ईआरपीनेक्स्ट आणि त्यामागे मारियाडीबी हा डेटाबेस वापरणाऱ्या कुठल्याही कारखान्यात, जिथे तीन-चार वर्षं फील्डं वाढत गेली आहेत, तिथे हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

(कमांड आणि टेबलांची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलमध्ये ती नेहमीसारखी इंग्रजीतच टाइप करायची.)

६५,५३५ हा आकडा तुमच्या डेटाचा नाही

पहिला गैरसमज इथेच होतो. त्या फाउंड्रीच्या अकाउंटंटनी मला विचारलं होतं, “जुन्या तीन वर्षांच्या डिलिव्हरी नोट उडवल्या तर जागा होईल का?” नाही होणार. ही एरर पूर्ण रिकाम्या टेबलावरही येते. ओळी किती आहेत याच्याशी तिचा संबंध नाही. एका ओळीत जास्तीत जास्त किती बाइट मावू शकतील याची ती बेरीज आहे. खतावणीचं पान आखताना रकान्यांची रुंदी आधी ठरते, मजकूर नंतर येतो. रकाना कोरा राहिला तरी त्याची रुंदी गेलेलीच असते. इथे तसंच आहे.

आता हिशोब बघा. फ्रॅपेमध्ये (ईआरपीनेक्स्ट ज्या फ्रेमवर्कवर उभं आहे ते) ‘डेटा’, ‘लिंक’, ‘सिलेक्ट’ यातलं कुठलंही फील्ड टाकलं की टेबलात व्हारकॅर १४०, म्हणजे १४० अक्षरांपर्यंतच्या मजकुराचा, असा कॉलम बनतो. कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४, म्हणजे एका अक्षराला जास्तीत जास्त ४ बाइट. १४० गुणिले ४ झाले ५६०, वर लांबी नोंदवायला २. एक कॉलम ५६२ बाइटांचा. ६५,५३५ ला ५६२ ने भागलं की ११६ येतात. एका टेबलात असे जेमतेम ११६ कॉलम, बस्स. त्यातले ‘नेम’, ‘ओनर’ आणि ‘मॉडिफाइड बाय’ हे तीन फ्रॅपेचे स्वतःचे. चाइल्ड टेबल (आयटमच्या ओळींसारखं, मुख्य कागदाच्या आतलं) असेल तर ‘पेरेंट’, ‘पेरेंटफील्ड’, ‘पेरेंटटाइप’ असे आणखी तीन. मग ईआरपीनेक्स्टचे मूळ कॉलम, त्यावर जीएसटीच्या ॲपचे, आणि त्यानंतर आपण हौसेने किंवा गरजेपोटी वाढवलेले.

मराठीत मजकूर लिहिल्यामुळे ही मर्यादा लवकर गाठली जाते का, असं एकाने विचारलं होतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, पण ही बेरीज सरसकट ४ नेच होते. त्यामुळे इथे मराठी-इंग्रजीचा फरक नाही. फरक पडतो तो १४० अक्षरांच्या मर्यादेत: ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, डेटाबेसला ती चार चिन्हं दिसतात. मराठीतला लांब पत्ता ‘डेटा’ फील्डमध्ये मावत नाही तो यामुळे. ती एरर वेगळी, तिचा इलाजही वेगळा.

मोजल्याशिवाय काही काढू नका

सर्वात आधी ‘बेंच बॅकअप’, फाइल्ससकट (‘बेंच’ ही फ्रॅपे चालवायची कमांड). तो बॅकअप दुसऱ्या एखाद्या चाचणी साइटवर रिस्टोअर करून बघा. पुढचं सगळं आधी त्या चाचणी साइटवर करायचं. हे सांगायची गरज नसावी, पण सकाळी सातला गाडी गेटवर उभी असली की माणूस हीच पायरी आधी गाळतो.

मग ‘बेंच --साइट … मारियाडीबी’ ने डेटाबेसमध्ये शिरा. ‘इन्फर्मेशन स्कीमा’मधल्या ‘कॉलम्स’ या टेबलात प्रत्येक कॉलमची नोंद असते. तिथे ‘टेबल नेम’ची अट ‘टॅब डिलिव्हरी नोट आयटम’ द्या (फ्रॅपे प्रत्येक डॉकटाइपच्या, म्हणजे कागदाच्या प्रकाराच्या, नावाआधी ‘टॅब’ लावतं, आणि नावातली मोकळी जागा तशीच राहते), ‘डेटा टाइप’ची अट व्हारकॅर द्या, आणि ‘कॅरेक्टर ऑक्टेट लेंग्थ’ची बेरीज व कॉलमांची संख्या मागा. बेरजेत प्रत्येक कॉलममागे दोन बाइट मिळवा.

आमच्या त्या टेबलात १४० अक्षरी कॉलम निघाले ११५. त्यांचेच ६४,६३० बाइट. आकडे, तारखा आणि टेक्स्टचे पॉइंटर (‘स्मॉल टेक्स्ट’चा मजकूर या बेरजेत धरत नाहीत, फक्त त्याचा पत्ता धरतात) मिळून आणखी साडेसातशेच्या आसपास. म्हणजे शिल्लक राहिली दीडशे-एकशेसाठ बाइटांची, आणि नवीन फील्ड मागत होतं ५६२. कागदावर ही बेरीज मांडल्यावर डिस्पॅचवाल्यांनाही अडचण कुठे आहे ते लगेच दिसलं.

फील्ड काढलं, कॉलम राहिला

याच बेरजेतून दुसरी गोष्ट कळली. ‘कस्टमाइझ फॉर्म’मध्ये त्या टेबलाची सगळी फील्डं मोजली तर ती कॉलमांपेक्षा कमी भरत होती. तेवीस कॉलम असे होते की ज्यांना फॉर्मवर कुठेच जागा नव्हती. ‘रिमार्क न्यू’, ‘रिमार्क न्यू २’, ‘ओल्ड ड्रॉइंग रेव्ह’, एका बंद झालेल्या गिऱ्हाइकासाठी केलेला ‘व्हेंडर कोड’, अशी नावं. कधीकाळी कुणीतरी ही फील्डं काढली होती.

फ्रॅपेत कस्टम फील्ड डिलीट केलं की फक्त त्याची नोंद जाते. डेटाबेसमधला कॉलम आणि त्यातला डेटा जागेवरच राहतो. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे आणि ते बरोबरच आहे, असं माझं मत आहे: चुकून एक क्लिक झालं म्हणून तीन वर्षांचे हीट नंबर (भट्टीतल्या एकेका वितळणीचे क्रमांक) जाऊ नयेत. पण त्याचा अर्थ असा की फॉर्मवरून फील्ड काढून रो साइझ एका बाइटानेही कमी होत नाही.

नव्या आवृत्त्यांत यासाठी ‘बेंच --साइट … ट्रिम-टेबल्स’ ही कमांड आहे. आधी ‘--ड्राय-रन’ लावूनच चालवा. कुठल्या टेबलातले कुठले कॉलम जाणार त्याची यादी मिळते. ती यादी घेऊन कारखान्यातल्या माणसाशेजारी बसा आणि प्रत्येक नाव वाचून दाखवा. आमच्या यादीत एक कॉलम असा होता ज्यात जुन्या पॅटर्नचे नंबर होते. फॉर्मवर नको होता, पण रेकॉर्ड म्हणून हवा होता. तो आधी एक्सेलमध्ये उतरवून घेतला, मग जाऊ दिला.

पण थांबा, ट्रिम लगेच चालवू नका. मी पहिल्यांदा हीच घाई केली होती.

परत परत येण्याचं खरं कारण

पहिल्या वेळी मी नको असलेले कॉलम काढले होते. दुसऱ्या वेळी सहा फील्डं ‘स्मॉल टेक्स्ट’ केली होती. दोन्ही उपाय चूक नव्हते, पण दोन्ही वेळा पुढच्या मायग्रेटनंतर टेबल जवळपास पूर्ववत झालं. कॉलम परत आले, आणि ‘स्मॉल टेक्स्ट’ केलेली फील्डं परत ‘डेटा’ झाली. मला वाटलं, ऑफिसमधलंच कुणीतरी बदलतंय. मी दोघांना विचारलंही, आणि ते विचारणं चुकीचं होतं.

बदल करणारं माणूस नव्हतंच. त्या साइटवर आधीच्या डेव्हलपरने लिहिलेलं एक छोटं कस्टम ॲप होतं. त्याच्या हुक्सच्या (ॲपच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘फिक्श्चर्स’, म्हणजे ॲपसोबत साइटवर न्यायच्या नोंदी, म्हणून ‘कस्टम फील्ड’ हे एवढंच लिहिलेलं, कसलाही फिल्टर नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याने एक्स्पोर्ट केलं त्या दिवशी साइटवर असलेली झाडून सगळी कस्टम फील्डं एका जेसन फाइलमध्ये जाऊन बसली. आणि मायग्रेटच्या शेवटाकडे फ्रॅपे प्रत्येक ॲपची फिक्श्चर फाइल वाचून त्यातली फील्डं जशीच्या तशी पुन्हा साइटवर लिहितं. आपण फॉर्मवर काय काढलं, काय बदललं, याची त्या फाइलला गंधवार्ता नसते.

तेव्हा तुमच्याकडे ही एरर एकदाच आली असेल तर वरचं मोजमाप आणि ट्रिम पुरेल. दर अपडेटला येत असेल तर ॲप्सच्या फोल्डरमध्ये जाऊन प्रत्येक कस्टम ॲपच्या ‘फिक्श्चर्स’ फोल्डरमधली ‘कस्टम फील्ड’ची जेसन उघडा आणि त्यात काढलेल्या फील्डचं नाव शोधा. नव्वद टक्के वेळा ते तिथेच सापडेल असं नाही म्हणत, पण माझा सुरुवातीचा पूर्ण दिवस दुसरीकडे गेला तो वाचेल.

क्रम असा ठेवा. आधी हुक्समध्ये फिल्टर घाला, म्हणजे ॲपला स्वतःची अशी जी फील्डं हवीत तेवढीच एक्स्पोर्ट होतील. मग फॉर्मवरची फील्डं काढा किंवा बदला. मग ‘एक्स्पोर्ट-फिक्श्चर्स’ चालवून नवी जेसन गिटमध्ये टाका. त्यानंतर ट्रिम. सगळ्यात शेवटी मुद्दाम एकदा ‘मायग्रेट’ चालवा आणि बेरीज पुन्हा घ्या. मायग्रेटच्या आधीची आणि नंतरची बेरीज सारखी आली तरच काम झालं.

ज्यांनी थेट डेटाबेसमध्ये ‘ऑल्टर टेबल … ड्रॉप कॉलम’ मारलंय त्यांच्याकडेही हेच होतं, जरा जास्त वाईट पद्धतीने. फील्डची नोंद शिल्लक आणि कॉलम गायब, म्हणून लिस्ट उघडली की एरर १०५४, ‘अननोन कॉलम’. मग कुणीतरी मायग्रेट चालवतं, फ्रॅपेला कॉलम दिसत नाही म्हणून ते नवा कोरा कॉलम बनवतं. जागा परत गेली आणि डेटाही गेला.

त्या सकाळी चलन अडकलं होतं त्याचं कारणही याच जातीचं. नवा कोड उतरला होता, मायग्रेट आमच्या टेबलावर १११८ खाऊन अर्धवट राहिलं होतं, आणि नव्या कोडला हवे असलेले पुढचे कॉलम बनलेच नव्हते. मारियाडीबीत टेबलाच्या रचनेतले बदल मागे घेता येत नाहीत. झाले तेवढे झाले. म्हणून १०५४ आली की समोर दिसलेला कॉलम हाताने जोडू नका. मायग्रेटचा लॉग वर सरकवत जा आणि पहिली एरर कुठे आली ते बघा. मायग्रेट नीट पूर्ण झालं असूनही एखादंच टेबल मागे राहिलं असेल तर ‘बेंच --साइट … रीलोड-डॉकटाइप’ त्या एका डॉकटाइपवर चालवा.

लांबी कमी करण्याचा सापळा

एक सल्ला सर्रास दिला जातो: फील्डची ‘लेंग्थ’ १४० वरून ५० करा, जागा वाचेल. ६५,५३५ च्या हिशोबात वाचतेच. पण इनोडीबीची (मारियाडीबीत टेबलं प्रत्यक्ष साठवणारा भाग) दुसरी एक मर्यादा आहे, ८,१२६ बाइटांची. १६ केबीच्या पानात किमान दोन ओळी मावल्या पाहिजेत म्हणून ती आलेली आहे. लांब कॉलम या मर्यादेत अडचण करत नाहीत, कारण ‘डायनॅमिक’ रो फॉरमॅटमध्ये इनोडीबी त्यांचा मजकूर पानाबाहेर ठेवू शकतं आणि पानात फक्त पत्ता राहतो. मात्र जो कॉलम जास्तीत जास्त २५५ बाइटांचाच आहे त्याला बाहेर ठेवायची सोय नाही. ५० अक्षरी कॉलम म्हणजे २०० बाइट; तो पूर्णच्या पूर्ण पानात धरला जातो. असे चाळीस झाले की पान भरलं, आणि आता १११८ वेगळ्या शब्दांत येते: ‘रो साइझ टू लार्ज, ८१२६ पेक्षा जास्त’.

माणूस चक्रावतो ते इथे. लांबी कमी केली आणि जागा संपली! म्हणून लांबी कमी करायचीच असेल तर ६४ वर आणा. ६४ गुणिले ४ बरोबर २५६, म्हणजे कॉलमला पानाबाहेर जायची वाट मोकळी राहते आणि ६५,५३५ च्या मर्यादेतही निम्म्याहून जास्त जागा वाचते. किंवा मग खरंच छोटा कोड असेल तर सरळ १० ठेवा. ४० ते ६३ च्या मधली लांबी सगळ्यात तोट्याची.

‘इनोडीबी स्ट्रिक्ट मोड’ बंद करा, हाही सल्ला मिळेल. तो बंद केला की टेबल बदलताना नुसती सूचना येते आणि काम झाल्यासारखं वाटतं. मग एखाद्या दिवशी सगळे रकाने भरलेली नोंद सेव्ह करताना एरर येते, तीही एखाद्याच नोंदीला. असली चूक शोधणं फार जिकिरीचं. तो मोड चालूच राहू दे.

जुन्या साइट असतील तर ‘शो टेबल स्टेटस’मध्ये रो फॉरमॅटही बघून घ्या. ‘कॉम्प्रेस्ड’ दिसलं आणि मारियाडीबी १०.६ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर गेलात, तर टेबल ‘रीड ओन्ली’ झाल्याची एरर १०३६ येते. ‘ट्रान्सफॉर्म-डेटाबेस’ कमांडने सगळी टेबलं ‘डायनॅमिक’ करून घेता येतात.

‘डेटा’ हा प्रकार जपून वापरा

साफसफाई झाल्यावर आम्ही उरलेली फील्डं एकेक करून बघितली. तिथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, कडकपणा, ताणशक्ती अशी बारा रीडिंग, सगळी ‘डेटा’ प्रकारात. कार्बन ३.४ एवढं लिहायला ५६२ बाइटांची आखणी. हेच ‘फ्लोट’ केलं असतं तर डेसिमल २१,९ चा कॉलम बनला असता, १० बाइटांचा. पाच तारखाही ‘डेटा’मध्ये होत्या, ‘डेट’ला ३ बाइट लागतात. वर ‘डेटा’मध्ये असल्यामुळे कुणी ३.४ लिहिलेलं, कुणी ३.४%, कुणी नुसता टिंब. रिपोर्ट कधीच जुळत नव्हता त्याचं कारणही हेच.

‘डेटा’चं थेट ‘फ्लोट’ करू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नवं फील्ड करा, जुन्यातली किंमत स्वच्छ करून त्यात भरा, जुनं काढा, ट्रिम करा. ‘डेटा’चं ‘स्मॉल टेक्स्ट’ मात्र ‘कस्टमाइझ फॉर्म’मधून होतं, शेरा, सूचना, पॅकिंगचा तपशील यांना तोच प्रकार शोभतो. ज्यावर शोध घ्यायचा आहे किंवा जे युनिक ठेवायचं आहे ते तसं करू नका. हीट नंबर ‘डेटा’च हवा, आणि त्यावर इंडेक्सही हवा. जे फील्ड फक्त दुसरीकडून किंमत आणून प्रिंटवर दाखवतं, त्याला कॉलमच नको. ते व्हर्च्युअल करा किंवा प्रिंट फॉरमॅटमध्ये थेट आणा.

मोठ्या टेबलात प्रकार बदलताना डेटाबेस पूर्ण टेबल नव्याने लिहितो. टेबलाएवढी मोकळी जागा डिस्कवर आहे ना ते बघा आणि शिफ्ट नसेल अशा वेळेला करा. आम्ही रविवारी केलं.

ही बारा रीडिंग डिलिव्हरी नोटच्या ओळीत असायचीच गरज नव्हती, हे शेवटी डिस्पॅचवाल्यांनीच सांगितलं. “हे तर टेस्ट सर्टिफिकेटवरचं आहे, चलनावर कशाला?” खरं होतं. कधीतरी एका गिऱ्हाइकाने चलनावर रीडिंग छापून मागितली होती, म्हणून ती तिथे आली आणि राहिली. आता हीट नंबरच्या नावाने वेगळं डॉकटाइप आहे, रीडिंग त्यात जातात, आणि चलनाच्या ओळीत फक्त त्याची लिंक. पण रीडिंग तिकडे हलवायच्या आधी, नुसत्या प्रकार बदलण्याने आणि ट्रिमने, टेबलात ७५ लांब कॉलम उरले होते आणि बेरीज ६५,३८० वरून ४३ हजारांच्या जरा वर आली होती.

त्यानंतर तिथे अपडेट करायच्या आदल्या दिवशी मी ती बेरजेची क्वेरी सहा टेबलांवर चालवतो: सेल्स ऑर्डर, डिलिव्हरी नोट, सेल्स इनव्हॉइस आणि तिघांची आयटम टेबलं. एकीकडचं फील्ड पुढच्या कागदावर आपोआप यावं म्हणून लोक तेच नाव तिन्हीकडे टाकतात, म्हणून फुगतात ती ही सहाच. ५५ हजारांच्या वर आकडा गेला तर नवं फील्ड मागणाऱ्याला आधी तो आकडा दाखवायचा, मग त्या टेबलातलं काय जाऊ शकतं ते दोघांनी मिळून ठरवायचं. मागच्या अपडेटला मायग्रेट रात्री सव्वादहाला सुरू केलं. साडेदहाला पहिलं चाचणी चलन निघालं.